रागाच्या प्रयोगातून पुनर्वसनाकडे

बर्लिनच्या मधोमध कैसरचा राजवाडा होता. पहिल्या महायुद्धानंतर राजेशाही गेली, दालनं रिकामी पडली आणि त्यांतली काही विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागाला मिळाली. १९२०च्या दशकात तिथल्या एका खोलीत जमिनीवर लाकडी पट्ट्यांचा चौकोन आखलेला असे. चौकोनात एक खुर्ची. चौकोनाबाहेर, हात कितीही ताणला तरी थोडा कमीच पडेल अशा अंतरावर, एक फूल. प्रयोगाला आलेल्या माणसाला सांगितलं जाई: पाय चौकोनाबाहेर जाऊ न देता ते फूल हातात घ्या.

जरा खटपट केली की जमतं. खुर्ची उचलून चौकोन आणि फूल यांच्या मध्ये ठेवायची, तिच्यावर एका हाताने भार टाकायचा आणि दुसरा हात पुढे करायचा. समोर बसलेली तरुणी ते टिपून घेई आणि म्हणे, आता दुसरा मार्ग शोधा. माणूस गुडघे टेकतो, पावलं चौकोनातच ठेवून अंग पुढे झोकतो, फूल पुन्हा हाती येतं. तरुणी म्हणे, आता तिसरा.

तिसरा मार्ग नव्हताच. ती मात्र तसं कबूल करत नसे. आहे, शोधा, एवढंच म्हणत राही. माणूस आधी हिरिरीने लागे. मग तेच तेच करून पाही. मग वाद घाली, नियमात पळवाट शोधी, खिडकीशी जाऊन उभा राही, परत येई. काही जण चक्क दिवास्वप्नात शिरत, तिथे फूल आपसूक हाताशी येई. शेवटी आवाज चढे. शहाणीसुरती, शिकलेली माणसं एका फुलापायी संतापाने लाल होत, आणि ती तरुणी शांतपणे लिहीत राही. आजच्या विद्यापीठातली नीतिसमिती असा प्रयोग सहजासहजी करू देणार नाही, आणि ते योग्यच आहे. पण त्या वह्यांतून जे बाहेर आलं, ते दुसऱ्या कुठल्या वाटेने आलं असतं असं मला वाटत नाही.

त्या तरुणीचं नाव तमारा डेम्बो. जन्म १९०२, बाकू शहरात. आज ते अझरबैजानची राजधानी आहे, तेव्हा रशियन साम्राज्यात होतं. ज्यू घरातली मुलगी. परक्या देशात, परक्या भाषेत पीएच.डी. करायला आलेली. प्रबंधाचा विषय होता राग. आणि याच बाईने पुढे, दुसऱ्या एका परक्या देशात, हात-पाय गमावलेल्या सैनिकांसमोर बसून जे ऐकलं, त्यावर पुनर्वसन समुपदेशनाच्या विचाराचा मोठा भाग उभा राहिला. अपघात, आजार किंवा जन्मजात कारणाने अपंगत्व आलेल्या माणसाला शिक्षण, काम आणि स्वतःचं आयुष्य मिळवताना सोबत करणारा हा पेशा आहे. चौकोनाबाहेरच्या फुलापासून तिथवरचा रस्ता इतका सरळ असेल यावर आधी विश्वासच बसत नाही. नीट पाहिलं की तो खरोखर सरळ आहे.

डेम्बोचे मार्गदर्शक होते कुर्ट लेविन. पहिल्या महायुद्धात सैनिक म्हणून लढताना ते जखमी झाले होते, आणि १९१७ साली त्यांनी एक छोटा, विलक्षण निबंध लिहिला होता: आघाडीकडे चालत जाणाऱ्या सैनिकाला भूप्रदेश कसा दिसतो. शांततेच्या काळात शेत चारी दिशांना पसरलेलं असतं. आघाडी जवळ आली की त्याच शेताला पुढचं आणि मागचं टोक येतं, खड्डा म्हणजे आडोसा होतो, टेकडी म्हणजे धोका. जमीन तीच, पण जगायचा प्रदेश वेगळा. माणसाचं वागणं समजायचं तर माणूस आणि त्याचा भोवताल एकत्र पाहिला पाहिजे, एकट्या माणसाच्या डोक्यात शोधून भागणार नाही, ही लेविनची आयुष्यभराची धारणा होती.

त्यांच्याभोवती जमलेल्या विद्यार्थ्यांत परदेशी मुलींची संख्या लक्षात येण्यासारखी होती. लिथुआनियाहून आलेली ब्लूमा झायगार्निक. सैबेरियात चिता इथे जन्मलेली मारिया ओव्हसियांकिना. आणि डेम्बो. राजवाड्यासमोरच्या एका कॅफेत ही मंडळी तासन्‌तास गप्पा मारत. तिथल्या वेटरला पैसे चुकते होईपर्यंत सगळ्यांच्या ऑर्डरी तोंडपाठ असत आणि पैसे मिळाले की तो त्या विसरून जाई. यातूनच झायगार्निकला आपला विषय सुचला, असं सांगतात. अर्धवट राहिलेली कामं पुरी झालेल्या कामांपेक्षा जवळजवळ दुप्पट लक्षात राहतात, हा तिचा १९२७चा निष्कर्ष आज पाठ्यपुस्तकांत तिच्या नावाने शिकवतात. ओव्हसियांकिनाने दाखवलं की मध्येच थांबवलेलं काम माणूस कुणी न सांगता पुन्हा हाती घेतो. तिघींचे विषय वरवर वेगळे, पण प्रश्न एकच होता: माणूस कशाकडे तरी निघाला आहे आणि मध्ये अडथळा आला, तर त्याचं काय होतं?

डेम्बोचं उत्तर मला सगळ्यांत खोल वाटतं. फुलाच्या खोलीत तिला दोन भिंती दिसल्या. पहिली उघड आहे, माणूस आणि फूल यांच्यातली. दुसरी डोळ्यांना दिसत नाही. खोलीचं दार बंद नसतं, मग माणूस उठून जात का नाही? कारण प्रयोगाला यायचं त्याने कबूल केलेलं असतं, बाई समोर बसलेल्या असतात, मध्येच निघून जाणं बरं दिसत नाही, आपल्याला जमलं नाही असं होईल. पुढची भिंत फूल मिळू देत नाही आणि मागची भिंत सुटका होऊ देत नाही. राग या दोन भिंतींमधल्या जागेत पिकतो. तो चिडखोर माणसाच्या स्वभावात आधीपासून भरून ठेवलेला नसतो; त्या खोलीत कोणीही ठेवा, थोड्याफार फरकाने त्याचं तसंच होईल.

आणखी एक गोष्ट तिने टिपली. काही वेळाने फूल बाजूलाच राहतं. भांडण सुरू होतं ते समोरच्या बाईशी. नियम तिने केलेले, उत्तर तिला माहीत, आणि मी मात्र चौकोनात. एकाच्या हाती सत्ता आणि दुसऱ्याच्या वाट्याला चौकोन, असं झालं की मदत मागणंसुद्धा हरल्यासारखं वाटू लागतं. दुसऱ्या एका प्रयोगात बाटल्यांच्या गळ्यांत कड्या टाकायच्या असत. तिथे तिला दिसलं की लक्ष्य फार लांब वाटलं की माणूस मध्येच स्वतःपुरतं एक छोटं लक्ष्य ठरवतो आणि यश-अपयश त्यावर मोजतो. मानसशास्त्रातली ‘अपेक्षापातळी’ ही कल्पना इथे जन्मली. पुढे पुनर्वसनात ती रोज लागणार होती, हे तेव्हा तिलाही ठाऊक नसणार.

१९३० साली डेम्बो अमेरिकेत आली, मॅसॅच्युसेट्समधल्या स्मिथ कॉलेजात कुर्ट कोफ्का यांच्या प्रयोगशाळेत काम करायला. प्रबंध १९३१ साली जर्मन भाषेत छापून आला. १९३३ साली जर्मनीत हिटलर सत्तेवर आला. लेविनही ज्यू होते. त्यांनीही देश सोडला, आणि गुरू-शिष्या आधी कॉर्नेलला आणि मग आयोवाला पुन्हा एकत्र काम करू लागले. तिथे रॉजर बार्कर यांच्याबरोबर त्यांनी लहान मुलांवर केलेला प्रयोग १९४१ साली प्रसिद्ध झाला. दोन ते पाच वर्षांची ३० मुलं. आधी साधी खेळणी. मग खोलीचा पडदा दूर होतो आणि पलीकडे झकास खेळण्यांचा खजिना, त्यात मोठं बाहुलीघर. थोडा वेळ खेळू देतात, मग मुलांना परत साध्या खेळण्यांकडे आणतात आणि मध्ये तारेची जाळी लावून कुलूप घालतात. खजिना दिसतो, हाती येत नाही. मुलं साध्या खेळण्यांशीही आता नीट खेळू शकेनात. त्यांचा खेळ सरासरी सतरा महिन्यांहून अधिक लहान वयाच्या मुलासारखा झाला. मुलं तीच होती, बुद्धी तीच होती. फरक जाळीचा होता.

इथे थोडं थांबून झायगार्निककडे पाहायला हवं. ती बर्लिनहून १९३१ साली मॉस्कोला गेली. १९४० साली तिच्या नवऱ्याला अटक झाली. मग युद्ध. उरल पर्वतरांगांत किसेगाच इथे मेंदूला इजा झालेल्या सैनिकांसाठी रुग्णालय उभारलं होतं, तिथे ती मानसशास्त्रज्ञ अलेक्सांद्र लुरिया यांच्याबरोबर काम करू लागली. हरवलेली वाचा, हरवलेली हालचाल, हरवलेली उमेद परत कशी आणायची हे त्या दोघांचं काम होतं. एकाच प्रयोगशाळेतल्या दोन परदेशी विद्यार्थिनी, एक उरलमध्ये आणि एक कॅलिफोर्नियात, एकाच युद्धातल्या जखमी माणसांपुढे येऊन बसल्या. त्यांना तिथे पाठवायचं कुणी ठरवलं नव्हतं. प्रश्नच दोघींना तिथे घेऊन गेला असं म्हणावंसं वाटतं.

कॅलिफोर्नियात, स्टॅनफर्ड विद्यापीठात, १९४५ साली डेम्बोने एक अभ्यास हाती घेतला. ज्यांची इजा लपत नाही अशी माणसं: हात किंवा पाय कापावा लागलेली, चेहरा विद्रूप झालेली. बहुतेक जण तरुण सैनिक. शंभरावर माणसांच्या सविस्तर मुलाखती. त्यांचं शरीर किती बिघडलं हे डॉक्टर पाहत होतेच. डेम्बो आणि तिच्या सहकारी विचारत होत्या ते वेगळंच: लोक तुमच्याशी कसे वागतात? कुणी मदतीला धावलं तर तुम्हाला काय वाटतं? कुणी विचारलं, हे कसं झालं, तर? मदतीविषयीचा निबंध १९४७ साली आला, कुतूहलाविषयीचा १९४८ साली.

मला या अभ्यासाचं सगळ्यांत नवल वाटतं ते इथे. मदत करणाऱ्याच्या बाजूने मदतीचा विचार माणूस हजारो वर्षं करत आला. दान, दया, पुण्य यांची शास्त्रं आहेत. मदत घेणाऱ्याकडून तिची बारकाईने परीक्षा करून घ्यावी, हे कुणाच्या सहसा मनात येत नव्हतं. सैनिकांनी ती परीक्षा केली. गरज असताना, गाजावाजा न करता, सहज केलेली मदत त्यांना आवडे. न विचारता अंगावर आलेली, हळहळ चिकटवलेली मदत नकोशी होई. आणि कित्येकदा गरज नसतानाही ते मदत घेत, कारण नाही म्हटलं तर मदत करणाऱ्याला वाईट वाटेल. म्हणजे सांभाळून घेण्याचं काम उलट्या दिशेने चालू होतं, आणि मदत करणाऱ्याला त्याचा पत्ताही नसे. कुतूहलाचंही तसंच. टक लावून पाहणं कुणालाच आवडत नव्हतं. पण प्रश्न कोण विचारतो, केव्हा विचारतो आणि कशासाठी विचारतो यावर सगळं अवलंबून होतं.

चौकोनाबाहेरची बाई आणि चौकोनातला माणूस इथे पुन्हा भेटतात, फक्त या वेळी डेम्बो चौकोनातल्या माणसाच्या बाजूने लिहीत होती.

याच साहित्यावरचा मोठा निबंध डेम्बो, ग्लोरिया लाडियू लेव्हिटन आणि बिअ‍ॅट्रिस राइट यांनी १९५६ साली लिहिला, ‘दुर्दैवाशी जुळवून घेणं’ या आशयाच्या शीर्षकाचा. तो छापला गेला कृत्रिम अवयवांना वाहिलेल्या नियतकालिकात. सांधे, पट्टे, वजन-मापं यांच्या शेजारी हा निबंध: माणसाने काहीतरी गमावलं तर त्याचं मन त्या गमावण्याशी काय करतं.

त्यातली एक कल्पना मी वाचल्यापासून माझ्या पाहण्यात बदल झाला आहे. समजा मला माझ्या पायांचं, चालण्याचं मोठं मोल वाटतं. पाय गमावलेला एक माणूस मजेत हसताना मला दिसतो. मला अस्वस्थ वाटतं. त्याने दुःखी असायला हवं, नाहीतर ज्याला मी इतकं मोल देतो त्याचं मोल खोटं ठरतं. मग मी ठरवून टाकतो की तो वरवर हसतो आहे, आतून कोलमडला असणार, किंवा ‘किती धीराचा आहे हो’ असं म्हणून त्याच्या साध्या हसण्याचं शौर्य करून टाकतो. दुसऱ्याच्या शोकाची ही मागणी माझी असते, माझ्या सोयीसाठी असते. आपल्याकडे भेटायला आलेले नातेवाईक पलंगाशेजारी बसून डोळे पुसतात आणि पलंगावरच्या माणसाला त्यांचं सांत्वन करावं लागतं, तेव्हा हेच घडत असतं.

मग माणूस सावरतो कसा? मुलाखतींमधून दिसलं की सावरणारा माणूस आपलं मूल्यांचं गणित नव्याने मांडतो. गमावलेल्या गोष्टीपलीकडेही मोलाच्या गोष्टी आहेत, हे त्याला पुन्हा दिसू लागतं. शरीराचं देखणेपण आणि ताकद यांची जागा थोडी खाली सरकते. आणि ‘इतरांपेक्षा मी किती कमी’ हे मोजणं सोडून ‘या हाताने काय होतं’ हे तो पाहू लागतो. लाकडाचा हात खऱ्या हाताशी तोलला तर नेहमीच उणा ठरेल. पण त्याने डबा धरता येतो, दार लोटता येतं, सही करताना कागद दाबून ठेवता येतो, हे आपापल्या जागी पूर्ण आहे. हे बदल उपदेशाने होत नाहीत. ते होतील अशी जागा भोवताली तयार करावी लागते.

बिअ‍ॅट्रिस राइट लेविन यांचीच विद्यार्थिनी. १९६० साली तिचं शारीरिक अपंगत्वाच्या मानसशास्त्रावरचं पुस्तक आलं आणि ते या क्षेत्राचं मूळ पुस्तक ठरलं. अपंगत्व एका जागेचं असतं, पण पाहणारा ते सगळ्या माणसावर पसरवतो, हे तिने ठसवलं. अंध माणसाशी लोक मोठ्याने बोलतात. चाकाच्या खुर्चीतल्या माणसाला वगळून बरोबरच्याला विचारतात, यांना चहात साखर चालते का? राइट वर्गात एक छोटा प्रयोग करून घेत असे. ओळखीतल्या एखाद्या अपंग माणसाची आद्याक्षरं आणि त्याची अडचण कागदावर लिहा. शेजारी स्वतःची सगळ्यांत मोठी अडचण लिहा, शरीराची, मनाची, कसलीही. आता निवडा, यातली कुठली तुम्ही घ्याल? बहुतेक जण आपलीच अडचण परत घेत. बाहेरून पाहिलं की दुसऱ्याचं ओझं अवजड दिसतं; स्वतःच्या ओझ्याशी माणसाने बोलणी केलेली असतात. वाचकांनी हे घरात, मित्रांत करून पाहावं. पाच मिनिटं लागतात.

आता सरकारी बाजू, कारण हा पेशा उभा राहिला तो तिच्या पैशावर. अमेरिकेत जखमी सैनिकांच्या पुनर्वसनाचा कायदा १९१८ साली झाला आणि नागरिकांसाठीचा १९२० साली. तेव्हा तो केवळ शारीरिक अपंगत्वापुरता होता. १९४३ साली मानसिक आजार आणि बौद्धिक अपंगत्व त्यात आलं. (आपल्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट: युद्धात अपंग झालेल्या सैनिकांना धंदेशिक्षण देणारी क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट मुंबईत १९१७ सालीच सुरू झाली, नंतर ती पुण्याजवळ खडकीला गेली आणि आजही तिथे आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली, पुण्यात सैन्याचं कृत्रिम अवयव केंद्र उभं राहिलं.) अमेरिकेत खरी उडी पडली ती १९५४ साली. पुनर्वसनाच्या सरकारी खात्याच्या प्रमुख होत्या मेरी स्विट्झर, आणि त्यांच्या नेटाने झालेल्या कायद्याने विद्यापीठांना पुनर्वसन समुपदेशक घडवण्यासाठी अनुदान मिळू लागलं. पदव्युत्तर अभ्यासक्रम निघाले. कारकुनी हुद्द्याचा पेशा झाला. वॉशिंग्टनमध्ये सरकारी इमारतीला आज स्विट्झर यांचं नाव आहे.

हा समुपदेशक करतो काय? समजा, मालट्रक चालवणाऱ्या माणसाचा पाय अपघातात गेला. डॉक्टर जखम भरतात, तंत्रज्ञ पाय बसवतो. पुढचा प्रश्न कुणाचा? समुपदेशक त्याच्यासमोर बसतो. वीस वर्षं ट्रक चालवलेल्या माणसाला फक्त गाडी चालवता येते असं कसं म्हणायचं? त्याला रस्ते माहीत आहेत, भार किती आणि कसा लादायचा हे माहीत आहे, नाक्यांवरची कागदपत्रं माहीत आहेत, कुठलं गिऱ्हाईक वेळेवर पैसे देतं हेही माहीत आहे. वाहतूक कंपनीच्या कार्यालयात गाड्या लावून देण्याचं काम तो उद्यापासून शिकू शकतो. किंवा त्याला ट्रकच चालवायचा असेल, तर हाताने चालणारे नियंत्रक बसवता येतील का, परवाना मिळेल का, हे पाहायचं. मालकाशी बोलायचं. पायऱ्या असतील तर उताराची सोय करायला लावायची. बायकोला आणि आईला वाटणारी भीती ऐकायची. आणि निर्णय त्याचा त्याला घेऊ द्यायचा. १९७३च्या कायद्याने तर लेखी योजना बंधनकारक केली, समुपदेशक आणि ती व्यक्ती यांनी मिळून केलेली.

हे किती नाजूक आहे ते एका माणसाच्या गोष्टीवरून कळतं. एड रॉबर्ट्सला १९५३ साली, चौदाव्या वर्षी, पोलिओ झाला. मानेखाली जवळजवळ हालचाल नाही, श्वासासाठी ‘लोखंडी फुप्फुस’ नावाचं अजस्र यंत्र. त्याला बर्कलीच्या विद्यापीठात शिकायचं होतं. खर्चासाठी त्याने कॅलिफोर्नियाच्या पुनर्वसन खात्याकडे मदत मागितली. खात्याने नकार दिला: हा माणूस इतका अपंग आहे की याला नोकरी लागणं शक्य नाही. नकाराविरुद्ध आवाज उठला, खात्याला माघार घ्यावी लागली, आणि १९६२ साली तो विद्यापीठात दाखल झाला. लोखंडी फुप्फुस वसतिगृहात मावेना म्हणून विद्यापीठाच्या रुग्णालयातच त्याची राहायची सोय झाली. तिथे आणखी अपंग विद्यार्थी आले, त्यांची चळवळ झाली, स्वतंत्र जगण्याची केंद्रं उभी राहिली. १९७५ साली राज्यपाल जेरी ब्राउन यांनी कॅलिफोर्नियाच्या पुनर्वसन खात्याचा संचालक म्हणून एड रॉबर्ट्सची नेमणूक केली. त्याच खात्याचा. दोन वर्षांनी सॅन फ्रान्सिस्कोमध्ये अपंग कार्यकर्त्यांनी संघराज्याच्या कार्यालयात तीन आठवड्यांहून अधिक काळ ठिय्या दिला, १९७३च्याच कायद्यातल्या, भेदभावाला बंदी घालणाऱ्या कलमाचे नियम लागू करून घेतले, तेव्हा संचालक रॉबर्ट्स त्यांच्या पाठीशी होता.

नकार देणारा अधिकारी दुष्ट असायचं कारण नाही. त्याने शरीराकडे पाहिलं आणि भविष्य वाचलं. डेम्बो फुलाच्या खोलीत जे शिकली ते तो शिकला असता, तर त्याने आधी भिंती मोजल्या असत्या: वसतिगृहाचं दार किती रुंद, पायऱ्या किती, सकाळी उठवायला कोण, आणि खात्याच्या नियमातली ‘नोकरी लागण्याची शक्यता’ ही अट नक्की कुणी आणि कशावरून ठरवायची.

डेम्बो पुढे मॅसॅच्युसेट्समधल्या क्लार्क विद्यापीठात गेली आणि १९७२ साली निवृत्त होईपर्यंत तिथे शिकवत राहिली. दुःख आतून भोगणारा आणि बाहेरून पाहणारा यांना एकच प्रसंग वेगळा दिसतो, म्हणून संशोधनात भोगणाऱ्याला माहितीचा नमुना न मानता सहकारी माना, असं ती सांगत असे. १९९३ साली तिचं निधन झालं.

आज पुणे-मुंबईहून मानसशास्त्र किंवा समाजकार्य शिकून कुणी या विषयात पीएच.डी. करायला अमेरिकेत गेलं, तर त्याच्यासमोर वेगळ्याच भिंती येतात. सरकार समुपदेशक घडवण्यासाठी ज्या शिष्यवृत्त्या देतं, त्या नागरिकांसाठी आणि कायमच्या रहिवाशांसाठी असतात. विद्यार्थी व्हिसावरच्यांना त्या नाहीत. मग अध्यापन किंवा संशोधन साहाय्यक होऊन फी भागवायची. मान्यताप्राप्त डॉक्टरेट अभ्यासक्रमात पाच अंगं सांभाळावी लागतात: समुपदेशन, पर्यवेक्षण, अध्यापन, संशोधन, आणि नेतृत्वाबरोबर हक्कांची बाजू मांडणं. त्यात किमान ६०० तासांचं प्रत्यक्ष काम. समोरच्याच्या परवानगीने सत्राचं ध्वनिमुद्रण होतं आणि पर्यवेक्षक ते मध्येच थांबवून विचारतात, इथे कोण जास्त बोललं? निर्णय कुणी घेतला? परक्या भाषेतला उच्चार, खात्यांच्या नावांची आद्याक्षरं, विम्याचे नियम, सगळं नवं. पण डेम्बोसारखंच, तिथल्या लोकांना ज्या भिंती सवयीने दिसेनाशा झाल्या आहेत, त्या या नवख्याला पहिल्या दिवसापासून दिसतात.

आणि तो परत आला तर? भारतीय पुनर्वसन परिषदेच्या १९९२च्या कायद्याने पुनर्वसन क्षेत्रातल्या व्यावसायिकांची नोंदणी होते, समुपदेशकांचीही. मुंबईत कामगार मंत्रालयाचं व्यावसायिक पुनर्वसन केंद्र १९६८ साली सुरू झालं. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात २१ प्रकारांची अपंगत्वं मोजली आहेत. चौकट आहे. पण अमेरिकेतली योजना एकट्या माणसाच्या निवडीवर उभी आहे, आणि आपल्या घरात मागची भिंत प्रेमाची असते. ‘तुला नोकरीची काय गरज, आम्ही आहोत ना’ असं भाऊ मनापासून म्हणतो, आणि वहिनी ताट हातात आणून देते. त्यांना दुखवायचं नाही म्हणून माणूस गप्प राहतो. सैनिकांनी नको असलेली मदत जशी घेतली होती, तशीच तोही घेतो, फक्त इथे ती वर्षानुवर्षं चालते. या घरात लेखी योजनेवर सही कुणाकुणाची घ्यायची, आणि पहिल्या भेटीला भावाला आत बोलवायचं की बाहेर बसवायचं, यावर कुणीतरी मराठी घरांत जाऊन मुलाखती घ्यायला हव्यात. डेम्बोने प्रश्न कसे विचारायचे ते दाखवून ठेवलं आहे.